पुढच्या गावी मुक्काम

श्रोतेहो, मी माहुलचा. चेंबूरच्या पलीकडे, खाडीच्या कडेला आमचं गाव आहे. कोळीवाड्याच्या गल्लीतून सकाळी फिरायला निघालं, तर एका अंगाला खाडी, चिखल आणि तिवरं लागतात. दुसऱ्या अंगाला १९५० च्या दशकात उभ्या राहिलेल्या तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या भिंती आणि टाक्या. कुठल्याही दिशेनं पंधरा मिनिटं चालावं, की वाट संपते. पुढे भिंत असते, नाहीतर फाटक. फाटकावरचा पहारेकरी विचारतो, ''कुठे चाललात?'' हा प्रश्न परत फिरवण्यासाठी असतो, हे आम्हाला लहानपणापासून ठाऊक आहे.

हाच प्रश्न सह्याद्रीतल्या वाडीवस्तीवर मला शेकडो वेळा विचारला गेला आहे. ''कुठून आलात पाव्हणं? कुठे चाललात?'' पण तिथे तो विचारणारा माणूस ओट्यावर जागा करून देतो, पाण्याचा तांब्या पुढे करतो आणि पुढच्या वाटेवर डावीकडे वळायचं की उजवीकडे, ते हात लांब करून दाखवतो. आज मला बोलायचं आहे ते अशा चालण्याविषयी. चार-चार दिवस डोंगरातून जायचं आणि रोज संध्याकाळी पुढच्या गावी, कुणाच्या तरी घरी मुक्काम करायचा.

मुंबईतल्या तरुण मुलामुलींना ट्रेक हा शब्द आता नवीन राहिलेला नाही. शनिवारी रात्री निघायचं, पहाटे किल्ल्यावर, सूर्योदय, फोटो, पोहे आणि रविवारी संध्याकाळी घरी. त्यात वाईट काही नाही, मीही तसाच सुरू झालो. पण या प्रकारात डोंगर म्हणजे फक्त शिखर असतं. पायथ्याचं गाव हे गाडी लावायचं ठिकाण होऊन बसतं. सलग तीन-चार दिवस चाललं की हा हिशेब उलटा होतो. शिखर वाटेत येतं आणि जातं. लक्षात राहतं ते गाव, तिथली पडवी, चुलीचा उजेड, रात्री भुंकणारा कुत्रा.

एक उदाहरण देतो. रतनगड ते हरिश्चंद्रगड ही वाट आपल्याकडच्या डोंगरभटक्यांची जुनी आवडती वाट आहे. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात ती येते. आम्ही कुर्ल्याला रात्रीची कसारा लोकल पकडतो. कसाऱ्याहून मिळेल त्या जीपनं किंवा एसटीनं घोटी, तिथून शेंडी. शेंडीला भंडारदऱ्याचं धरण आहे, १९२६ साली पूर्ण झालेलं. जलाशयाच्या कडेकडेनं रतनवाडी गाठायची. अमृतेश्वराचं कोरीव काम केलेलं देऊळ आणि त्याची पुष्करणी पाहायची आणि पहिली रात्र गावातच काढायची. दुसऱ्या दिवशी शिड्यांच्या वाटेनं रतनगड. वरचं नेढं पाहून खाली उतरायचं आणि कात्राबाईच्या खिंडीतून कुमशेतला. हा दिवस मोठा, चांगला सात-आठ तासांचा. तिसऱ्या दिवशी मुळा नदीचं खोरं ओलांडून पाचनई. चौथ्या दिवशी हरिश्चंद्रगड, तिथलं मंदिर, केदारेश्वराची गुहा, कोकणकडा, आणि टोलार खिंडीतून खिरेश्वर. खुबी फाट्यावर एसटी मिळते, ती माळशेज घाट उतरून कल्याणला आणते.

या चार दिवसांत अमुक उंची चढलो आणि तमुक कडा पाहिला, असं सांगता येतं. पण खरा आनंद कशाचा, असं कुणी विचारलं तर मी सांगेन, दिवसाला एकच काम असण्याचा. सकाळी उठायचं, आणि दिवस मावळायच्या आत पुढच्या गावी पोचायचं. बस. घरी आपण एका दिवसात दहा कामं काढतो आणि रात्री त्यातली सहा राहिलेली असतात. डोंगरात एकच काम असतं आणि ते संध्याकाळी पुरं झालेलं असतं. पिशवीचंही तसंच. मुक्काम घरी असला की तंबू नको, स्टोव्ह नको, चार दिवसांचा शिधा नको. खांद्यावर पाच-सहा किलोंपेक्षा जास्त ओझं राहत नाही. मान वर राहते आणि माणूस वाटेकडे बघतो.

आणि मग संध्याकाळ होते. उतारावरून खाली कौलारू छपरं दिसायला लागतात. त्यातल्या एकातून धूर निघत असतो. तो धूर दिसला की दुखणारे पायसुद्धा भराभर उचलतात. आपलं घर ते नाही, तिथल्या माणसाशी आपलं काही नातं नाही. तरीही ''आलो एकदाचे'' असं वाटतं ते खरं असतं.

पण श्रोतेहो, या आनंदाची एक बाजू मला फार उशिरा कळली. ती सांगितल्याशिवाय हे बोलणं पुरं होणार नाही.

१९९४ च्या मे महिन्यात आम्ही चौघे मित्र पहिल्यांदा या वाटेनं गेलो. वय बावीस-तेवीस. कात्राबाईची खिंड उतरून कुमशेतला पोचेस्तोवर जीव घामाघूम झाला होता. एका घराच्या पडवीत टेकलो. घरात एक मावशी, त्यांचे म्हातारे सासरे आणि दोन लहान मुलं. मावशींनी काही न विचारता नागलीच्या भाकरी थापायला घेतल्या. हुलग्याचं पिठलं, लाल मिरचीचा ठेचा. कोपऱ्यात दोन हंडे भरलेले होते. आम्ही त्यातलं पाणी घेतलं, हातपाय धुतले, डोक्यावर ओतलं, एकानं तर गंजीफ्रॉकसुद्धा खळबळून घेतला. मावशी चुलीपाशी होत्या. त्यांनी पाहिलं, पण एका शब्दानं काही म्हटलं नाही.

पहाटे मला जाग आली ती बांगड्यांच्या आवाजानं. मावशी आणि शेजारची एक बाई हंडे घेऊन निघाल्या होत्या. मी सहज बरोबर गेलो. उतारावरून बरंच खाली गेल्यावर एक विहीर होती, आणि तिच्या तळाशी थोडं पाणी. एकजण आत उतरली, वाटीनं हंडा भरला. दुसरी वर ओढणार. दोन हंडे भरून परत येईपर्यंत चांगलं उजाडलं होतं. पावसाळ्यात जिथे आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, त्या मुलखात मे महिन्यात अशी अवस्था असते, हे आम्हाला पुस्तकातून माहीत होतं. पण त्या दोन हंड्यांतलं पाणी आम्ही आदल्या संध्याकाळी अंगावर ओतलं होतं.

निघताना आम्ही पन्नास रुपये पुढे केले. मावशींनी घेतले नाहीत. ''पाव्हण्यांकडून कुठं पैसे घेत्यात?'' म्हणाल्या. आम्ही मुलांच्या हातावर गोळ्या ठेवल्या आणि निघालो. वाटेत एकजण म्हणाला, ''काय माणसं आहेत यार, पैशाचा मोहच नाही!'' आम्ही तिघांनी मान डोलावली. चार जणांच्या दोन वेळच्या भाकरी, दोन हंडे पाणी आणि गोळ्यांचं एक पाकीट. हा हिशेब त्या दिवशी आमच्यापैकी कुणीही केला नाही. मी तो केला घरी आल्यावर, माहुलच्या नळावर बादली भरताना. आमच्याकडेही पाणी तासाभरच यायचं, आणि माझी आई त्या तासाला घड्याळ लावून बसायची. आमच्या घरी आलेल्या परक्या माणसानं तिची बादली अशी अंगावर ओतली असती, तर?

पुढच्या थंडीत मी पुन्हा गेलो. या वेळी कोळीवाड्यातून सुके बोंबील आणि जवळा बांधून घेतला होता. पैसे घेणार नाहीत, पण हे घेतील असा अंदाज होता. मावशींनी पुडकं उघडून वास घेतला आणि हसल्या. सासरेबुवा मात्र बोलू लागले. त्यांच्या वडिलांच्या काळी मीठ आणि सुकी मासळी आणायला इथली माणसं डोंगर उतरून खाली कोकणात जायची. कुमशेतहून पाथरा घाट आणि गुयरीचं दार अशा वाटा खाली शहापूर तालुक्यात डेहण्याकडे उतरतात. इथून डोक्यावर धान्य न्यायचं, येताना मीठ-मासळी आणायची. म्हातारबाबा म्हणाले, ''तुमच्याकडची मासळी आमच्या घरात नवी न्हाई. मधी वाट बंद पडली होती, येवढंच.''

ते ऐकल्यावर त्या पायवाटांकडे पाहण्याची माझी नजर बदलली. आपण त्यांना ट्रेकचा मार्ग म्हणतो. पण कुणी ट्रेकरनं त्या पाडलेल्या नाहीत. बाजाराला जाण्यासाठी, लेकीच्या सासरी जाण्यासाठी, जत्रेसाठी, मिठासाठी त्या शेकडो वर्षं मळल्या. घाटवाटा आपल्याकडे किती जुन्या आहेत, हे पाहायचं तर जुन्नरजवळच्या नाणेघाटात जावं. तिथे दोन हजार वर्षांपूर्वीच्या सातवाहनांच्या काळातली लेणी आहे, राणी नागनिकेचा लेख आहे, जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण आहे आणि वाटसरूंसाठी खोदलेली पाण्याची टाकी आहेत. वाट म्हटली की तिच्या कडेला पाणी आणि पाठ टेकायला जागा असायचीच. आपली पंढरीची वारी तरी काय आहे? आळंदीपासून पंढरपूरपर्यंत मुक्कामाची गावं ठरलेली, आणि त्या गावांत वारकऱ्यांसाठी चुली पेटलेल्या. नर्मदेची परिक्रमा करणारे तर महिनोन् महिने गावोगावच्या अन्नावर चालतात. म्हणजे मुक्कामामुक्कामानं चालणं हे आपण बाहेरून आणलेलं खूळ नाही.

नेपाळातही हेच झालं. अन्नपूर्णेच्या परिसरात काली गंडकीच्या काठानं तिबेटातलं मीठ खाली यायचं आणि धान्य वर जायचं. त्या वाटेवर थकाळी समाजाच्या बायका भट्ट्या चालवायच्या, म्हणजे वाटसरूंच्या खानावळी. पुढे परदेशी गिर्यारोहक आले, तेव्हा याच भट्ट्यांचे लॉज झाले. १९८६ साली तिथे अन्नपूर्णा संवर्धन प्रकल्प सुरू झाला. लॉजवाल्यांच्या समित्या झाल्या, खोलीचे आणि जेवणाचे दर एकत्र बसून ठरू लागले. पण त्याच वाटेवर नंतर मोटाररस्ता आला आणि अनेक गावांतला मुक्काम उठला. जीप दोन तासांत जिथे पोचते, तिथे चालत जाऊन रात्र कोण काढणार? गावकऱ्यांना रस्ता हवाच होता, आजारी माणसाला खांद्यावरून न्यावं लागलं तर आपल्यालाही हवा असता. पण रस्ता आला की पायवाटेचं काय होतं, हे तिथे दिसलं.

आपल्याकडेही ते दिसतं आहे. कुमशेतला, पाचनईला आता गाडीरस्ता आहे, आणि तो असायलाच हवा. गावातलं माणूस राजूरच्या बाजाराला गाडीनं जातं. मग खिंडीतली वाट कोण तुडवणार? दोन पावसाळे कुणी गेलं नाही, की कारवी माजते आणि वाट बुजते. एकदा कात्राबाईच्या जंगलात आम्ही दीड तास भरकटलो होतो. शेवटी ज्यानं आम्हाला बाहेर काढलं तो मावशींचा धाकटा मुलगा. गोळ्या घेताना लाजणारा पोरगा आता संसारी बाप्या झाला होता.

त्याच्याशी चालता चालता जे बोलणं झालं, ते मला तुमच्यापर्यंत पोचवायचं आहे. त्यानं घरात चटया घेतल्या आहेत, पंधरा माणसं झोपतील एवढी सोय केली आहे. जेवण-मुक्कामाचा दर तो तोंडावर सांगतो. त्याच्या आईला अजूनही त्याची लाज वाटते. मी विचारलं, ''जमतं का यात?'' तो म्हणाला, ''दादा, शनवार-रैवार माणसं येत्यात. सोमवारपासनं नारायणगाव.'' नारायणगावला मजुरांचा अड्डा भरतो. अकोले, जुन्नर, आंबेगावच्या डोंगराळ गावांतली आदिवासी माणसं भात निघाला की बायकामुलांसह तिथे जातात आणि बागायतदारांच्या शेतात रोजानं राबतात. ''आठवड्यात चार दिवस पाव्हणं आलं तर मी कशाला जाईन?'' एवढंच तो म्हणाला आणि पुढे चालू लागला.

श्रोतेहो, मोठ्या गटानं जाऊन गडावर तंबू ठोकले आणि पैसे मुंबईतच कुणाला तरी भरले, तर त्या घराच्या वाट्याला काय येतं? मे-जूनमध्ये भंडारदऱ्याच्या परिसरात काजवे पाहायला हजारो गाड्या येतात. त्यातली किती माणसं तिथल्या एखाद्या घरात बसून भाकरी खातात? उलट चौघंजण चार दिवस चालत गेले, तर चार गावांतली चार घरं त्यांना जेवू घालतात. पैसा एका ठिकाणी साठत नाही, वाटेनं झिरपत जातो. मुख्य म्हणजे माणसं सोमवारी, मंगळवारी, बुधवारीही येतात. चालत्या माणसाला शनिवार-रविवारपुरतं राहताच येत नाही.

म्हणून जे जाणार असतील त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगतो. पहिल्यांदा दोन दिवसांचाच बेत करा. ऑक्टोबरची अखेर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. भर पावसात खिंडी आणि ओढे ओलांडायच्या भानगडीत पडू नका. उन्हाळ्यात गेलात तर पाणी प्यायला मागा, अंघोळीला नको. आदल्या दिवशी फोन करून किती माणसं येणार ते कळवा, कारण मागणी अचानक आली की घरातल्या बाईला रात्री दहाला दळण काढावं लागतं. या वाटेवर अनोळखी जागी गावातला वाटाड्या घ्या. तो वाट दाखवतो तेवढंच नाही, त्याच्या पायांनी ती वाट उघडीही राहते. जे त्यांच्या घरात शिजतं तेच खा. नागली, वरई, हुलगे. याच अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना गावठी बियाणं जपण्यासाठी २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. ते बियाणं टिकायचं तर ते कुणाच्या तरी ताटात यायला हवं. पनीरची भाजी चेंबूरला मिळते. आणि दर विचारा, जो सांगतील तो घासाघीस न करता द्या. हा परिसर १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे. आपला कचरा आपल्या पिशवीतून परत आणायचा, हे वेगळं सांगायला नको.

कुणी म्हणेल, पैसे दिले की पाहुणेपण संपलं, आपण गिऱ्हाईक झालो. मलाही बरेच दिवस तसं वाटायचं. पहिल्या खेपेला पैसे न घेणाऱ्या मावशी मला फार थोर वाटल्या होत्या, आणि दर सांगणारा त्यांचा मुलगा थोडा खटकला होता. आता वाटतं, तो मावशींपेक्षा काही वेगळं करत नाही. पाहुण्याला दार उघडं ठेवायचं असेल, तर आधी त्या दाराच्या आत कुणीतरी राहायला हवं. घरातली सगळी माणसं नारायणगावला गेली, की दाराला कुलूप लागतं. मग पाहुणाही नाही आणि गिऱ्हाईकही नाही.

गेल्या डिसेंबरात पुन्हा गेलो होतो. गुडघे कुरकुरतात, कात्राबाईला पूर्वीपेक्षा दुप्पट वेळ लागला. सासरेबुवा केव्हाच गेले. मावशी थकल्या आहेत, भाकरी आता सून थापते. मी पिशवीतून बोंबलाचं पुडकं काढलं. मावशींनी नेहमीसारखा वास घेतला. मग सुनेला म्हणाल्या, ''यांना पाणी तापव गं अंघोळीला. थंडीचं चालत आल्यात.'' मी नको म्हणालो. त्या हसल्या आणि म्हणाल्या, ''घ्या हो. आवंदा हिरीला पाणी हाय.''

त्यांनी कधी बोलून दाखवलं नव्हतं, पण १९९४ चे ते दोन हंडे त्यांच्याही लक्षात होते. मी एक तांब्या कमी घेतला, पण अंघोळ केली.